शुद्ध वाक्य ओळखा : वाचकांच्या शंका, आमची उत्तरे

तलाठी, पोलीस शिपाई आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या वाचकांची या महिन्यात बरीच पत्रे आली. बहुतेकांचे दुखणे एकच आहे, ते म्हणजे मराठीच्या पेपरातला ‘शुद्ध वाक्य ओळखा’ हा प्रश्न. सारख्या शंका एकत्र करून त्यांची उत्तरे दिली आहेत.

चारही वाक्ये मनात म्हणून पाहिली की चारही बरोबर वाटतात. सुरुवात कुठून करायची? आणि एका प्रश्नाला वेळ किती द्यायचा? (एक वाचक, परभणी)

मनात म्हणून पाहता, तिथेच घोटाळा होतो. आपला कान घरच्या बोलीवर, मालिकांवर आणि हिंदीवर पोसलेला असतो, आणि प्रश्न काढणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. म्हणून पर्याय वाक्य म्हणून वाचण्याआधी एकाखाली एक धरून फरक कुठे कुठे आहे ते पाहा. समजा पर्याय असे आहेत :

१) आईने मुलांसाठी लाडू केली.
२) आईने मुलांसाठी लाडू केले.
३) आईने मुलासांठी लाडू केले.
४) आई मुलांसाठी लाडू केले.

फरक तीनच जागी आहे : आईने की आई, मुलांसाठी की मुलासांठी, केली की केले. आता आधी क्रियापद पकडा. ‘करणे’ सकर्मक आहे आणि काळ भूतकाळ आहे. म्हणजे कर्त्याला ‘ने’ हवा आणि क्रियापद कर्मामागे जायला हवे. चौथ्यात ‘ने’ नाही, तो गेला. कर्म आहे लाडू, पुल्लिंगी आणि इथे अनेकवचनी, म्हणून ‘केले’. पहिलाही गेला. उरले दोन आणि तीन. त्यांच्यात फक्त अनुस्वाराच्या जागेचा फरक आहे. अनेकवचनी सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे होणारे बदललेले रूप, ‘मुलां’, त्याला ‘साठी’ जोडले की ‘मुलांसाठी’. उत्तर दोन.

हा क्रम उलटा करू नका. क्रियापदाची चूक नियमाने सिद्ध करता येते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक बरेचदा आठवणीवर अवलंबून असते, आणि परीक्षागृहात आठवण दगा देते. आधी क्रियापद, मग विभक्ती आणि सामान्यरूप, त्यानंतर शुद्धलेखन. शब्दक्रम आणि द्विरुक्ती सगळ्यात शेवटी पाहा.

वेळेचे गणित सोपे आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांना दोन तास होते, म्हणजे प्रश्नामागे ७२ सेकंद. पोलीस शिपायाच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे ५४ सेकंद. अंकगणित यापेक्षा जास्त वेळ खाते, तो वेळ मराठीतूनच काढावा लागतो. वाक्याच्या प्रश्नाला अर्धा मिनिट पुरे. तेवढ्यात दोन पर्याय कापले गेले आणि पुढे गाडी अडली, तर उरलेल्यांपैकी एक निवडून पुढे चला. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात असले तरी दोन पर्याय कापलेले असताना उत्तर देणेच फायद्याचे असते. आणि एक : ‘शुद्ध’ विचारले आहे की ‘अशुद्ध’, ते आधी पाहा. व्याकरण चोख येणाऱ्यांचे गुणही इथे जातात.

‘मी छत्री विसरली’ असे मी लिहिले. छत्री स्त्रीलिंगी, क्रियापद कर्माप्रमाणे, मग उत्तर चूक कसे? (एक वाचक, जालना)

नियम बरोबर धरलात, पण हे क्रियापद त्या नियमाच्या बाहेरचे आहे. मराठीत काही क्रियापदे सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याच्याच मागे जातात : विसरणे, शिकणे, चुकणे, बोलणे, भेटणे, नेसणे, पिणे. तो छत्री विसरला. ती संस्कृत शिकली. आम्ही रस्ता चुकलो. तो खोटे बोलला. ती लुगडे नेसली. मी दूध प्यालो. यांच्या कर्त्याला ‘ने’ लागत नाही. म्हणून ‘त्याने खोटे बोलले’ आणि ‘तिने मला काल भेटली’ ही दोन्ही वाक्ये अशुद्ध. तुमच्या वाक्यात बोलणारा पुरुष असेल तर ‘मी छत्री विसरलो’, स्त्री असेल तर ‘मी छत्री विसरले’. ‘विसरली’ मात्र दोघांच्याही तोंडी प्रमाण मराठीत बसत नाही.

खरी अडचण ‘मी’ने केली आहे. मी, तू, आम्ही, तुम्ही या सर्वनामांना ‘ने’ दिसत नाही. ‘मी आलो’ आणि ‘मी आंबा खाल्ला’, दोन्हीकडे ‘मी’ तसाच. त्यामुळे प्रयोग कोणता, म्हणजे क्रियापद कर्त्यामागे जाते की कर्मामागे, ते कळत नाही. यावर उपाय म्हणजे ‘मी’ किंवा ‘तू’ काढून तिथे ‘तो’ किंवा ‘त्याने’ घालून पाहायचे. ‘त्याने आंबा खाल्ला’ बसते, ‘तो आंबा खाल्ला’ बसत नाही. म्हणजे क्रियापद कर्मामागे, आणि भाकरी असेल तर ‘मी भाकरी खाल्ली’. ‘तो रस्ता चुकला’ बसते, ‘त्याने रस्ता चुकला’ बसत नाही. म्हणजे क्रियापद कर्त्यामागे. ही अदलाबदल पाच सेकंदांत होते आणि प्रयोगाचे अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

‘म्हणणे’ हे क्रियापद दोन्ही दगडांवर पाय ठेवून आहे. ‘तो म्हणाला’ शुद्ध, ‘त्याने म्हटले’ही शुद्ध. पर्यायांत या दोघांची खिचडी येते : ‘त्याने म्हणाला’. ती सरळ कापा.

आता कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ लागला तर काय? मग क्रियापद कोणाच्याच मागे जात नाही, ते नपुंसकलिंगी एकवचनात थांबते : शिपायाने चोराला पकडले, शिपायांनी चोरांना पकडले, आईने मुलीला उठवले. व्याकरणाच्या पुस्तकांत ‘आईने मुलीला शाळेत घातली’ असे वाक्य संकर प्रयोगाचे, म्हणजे दोन प्रयोगांच्या सरमिसळीचे, उदाहरण म्हणून भेटते. प्रश्न ‘प्रयोग ओळखा’ असा असेल तर ते तसेच स्वीकारायचे. ‘शुद्ध वाक्य ओळखा’मध्ये मात्र ‘घातले’ आणि ‘घातली’ असे दोन्ही पर्याय समोर आले तर ‘घातले’ घ्या.

संकर प्रयोगाचा आणखी एक फटका बसतो. ‘तू कविता म्हटलीस’ हे वाक्य पाहून कित्येक जण दचकतात. क्रियापदाचे लिंग कवितेचे आणि शेवटचा ‘स’ मात्र ‘तू’चा, हे विचित्र वाटते. पण ते शुद्धच आहे. ‘तू आंबा खाल्लास’, ‘तू मला पुस्तक दिलेस’ हीही त्यातलीच. उलट ‘स’ काढून ‘तू कविता म्हटली’ असा पर्याय शेजारी दिला असेल, तर लेखी मराठीत ‘म्हटलीस’च घ्यावे.

आमच्याकडे ‘मी जेवण करून राहिलो’ म्हणतात. हे चुकीचे कसे? (एक वाचक, गोंदिया)

बोली म्हणून त्यात काडीचीही चूक नाही. तिकडच्या मराठीत ते रूढ आहे. परीक्षा प्रमाण मराठीची आहे इतकेच, आणि तिथे ‘मी जेवत आहे’ लिहावे लागते. हे फक्त विदर्भाच्या वाट्याला आलेले नाही. कोल्हापूरकडे बायकाही ‘मी आलो’ म्हणतात, पण पर्यायात ‘सीता म्हणाली, “मी आलो”’ असे दिसले तर ते कापावेच लागते.

बोलीपेक्षा हिंदीच्या वळणाकडे जास्त लक्ष द्या, कारण ते राज्यभर सारखेच शिरले आहे. ‘माझी मदत कर’ हे ‘मला मदत कर’ असे हवे. ‘मला माहीत पडले’ याऐवजी ‘मला समजले’ किंवा ‘मला कळले’. ‘मी त्याला बोललो’ हे ‘मी त्याच्याशी बोललो’ किंवा ‘मी त्याला म्हणालो’ असे होते. तिन्हींत क्रियापद ठीकच आहे, चूक विभक्तीत किंवा शब्दाच्या निवडीत आहे. म्हणून क्रियापद तपासून झाल्यावर लगेच विभक्ती पाहा असे वर म्हटले.

‘मी घरी पोहोचून पाऊस सुरू झाला’ हे वाक्य अशुद्ध धरले होते. यात व्याकरण कुठे मोडते? (एक वाचक, नाशिक)

चांगला प्रश्न. ‘-ऊन’ लागलेले रूप आणि मुख्य क्रियापद या दोन्हींचा करणारा एकच असावा लागतो. तो दार उघडून बाहेर गेला : उघडणारा तोच, जाणारा तोच. तुमच्या वाक्यात पोहोचलो मी आणि सुरू झाला पाऊस. म्हणून तिथे ‘पोहोचल्यावर’ हवे. ‘-ल्यावर’ला असा एकच करणारा लागत नाही.

हा नियम आंधळेपणाने लावला की दुसऱ्या बाजूने माणूस पडतो. ‘वीज पडून दोन बैल दगावले’ हे वाक्य रोज वर्तमानपत्रात छापले जाते आणि ते पूर्ण शुद्ध आहे. पडली वीज, दगावले बैल, दोन वेगळे कर्ते. मग हे कसे चालते? पहिली घटना दुसरीचे कारण आहे म्हणून. यासाठी एक कसोटी वापरा. ‘-ऊन’च्या जागी ‘-ल्यामुळे’ घाला. ‘वीज पडल्यामुळे दोन बैल दगावले’ याला अर्थ आहे, म्हणून ‘पडून’ चालते. ‘मी घरी पोहोचल्यामुळे पाऊस सुरू झाला’ हे हास्यास्पद होते, म्हणून ‘पोहोचून’ चालत नाही.

तिसरी वाक्ये आणखी फसवी असतात : ‘बातमी ऐकून तिला आनंद झाला.’ व्याकरणाने पाहिले तर ‘झाला’चा कर्ता आनंद. पण ऐकणारी ती आणि आनंदही तिलाच. असे वाक्य शुद्धच असते. ‘ते दृश्य पाहून त्याला रडू आले’ हेही त्याच जातीचे. ‘ला’ दिसला म्हणून करणारा बदलला असे समजू नका. ऐकले कोणी आणि वाटले कोणाला, एवढेच विचारा.

‘-ताना’च्या बाबतीत भाषा जरा सैल आहे. तरी ‘रस्ता ओलांडताना ट्रकने धडक दिली’ आणि ‘रस्ता ओलांडताना त्याला ट्रकने धडक दिली’ असे दोन पर्याय असतील तर दुसराच घ्या. पहिल्यात रस्ता ओलांडणारा ट्रकच ठरतो.

या रूपाच्या शुद्धलेखनाचेही विचारले आहे, ‘ऊन’ की ‘वून’. क्रियापदाला ‘णे’ लावून पाहा. तिथे ‘व’ ऐकू आला तर ‘वून’ : जेवणे–जेवून, ठेवणे–ठेवून, धावणे–धावून. ‘व’ नसेल तर ‘ऊन’ : जाणे–जाऊन, घेणे–घेऊन, पिणे–पिऊन, धुणे–धुऊन. ‘जेऊन’ आणि ‘जावून’ ही पर्यायांत हमखास भेटणारी जोडी. दोन्ही चूक.

सरकारी पत्रांत ‘रजा मिळणेबाबत’, ‘अर्ज करणेसाठी’ असे छापलेले असते. मग परीक्षेत ते चूक का धरतात? (एक वाचक, सोलापूर)

कारण परीक्षा नियमांवर चालते आणि कार्यालय सवयीवर. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक १४ नियमांना शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली. १९७२ मध्ये आणखी चार वाढवून ते १८ झाले. एकारान्त नामाचे सामान्यरूप ‘या’कारान्त करावे, हा त्यांतलाच एक. म्हणून करणे–करण्यासाठी, मिळणे–मिळण्याबाबत. जुनी दफ्तरी भाषा मात्र टेबलांवरून अजून हललेली नाही. अर्ज लिहिताना काय लिहायचे ते तुम्ही ठरवा, उत्तरपत्रिकेत ‘करण्यासाठी’च.

शुद्धलेखनाचे अठराच्या अठरा नियम पाठ करायचे का? वेळ कमी आहे. (एक वाचक, लातूर)

वाचून काढा, पण घोकण्यात वेळ घालवू नका. वाक्याच्या प्रश्नात तीन ठिकाणी नेम धरला जातो.

पहिले ठिकाण सामान्यरूपाचे. अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असते : वकील, गरीब, बहीण, जमीन, फूल. प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होते : वकिलाने, गरिबाला, बहिणीचा, जमिनीत, फुलांची. ‘वकीलाने जमीनीची कागदपत्रे तपासली’ या वाक्यात क्रियापद ठीक आहे आणि चुका दोन आहेत. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत : शरीर–शरीराला, परीक्षा–परीक्षेत. ‘परिक्षेत’ लिहून परीक्षेत गुण घालवणारे दरवर्षी निघतात.

दुसरे, शब्दाच्या शेवटचा इकार-उकार. तो दीर्घ : कवी, गुरू, मती. अपवाद थोडे आहेत आणि तेच विचारले जातात : आणि, नि, परंतु, तथापि. तिसरे, समास. संस्कृतात मुळात ऱ्हस्वान्त असलेले असे शब्द समासात पहिले आले की ऱ्हस्व होतात, म्हणून कवी पण कविसंमेलन, गुरू पण गुरुदक्षिणा.

पुढील पाच वाक्ये शुद्ध की अशुद्ध ते सांगावे. (एक वाचक, सातारा)

‘प्रत्येक विद्यार्थी आपले ओळखपत्र घेऊन आले.’ अशुद्ध. ‘प्रत्येक’नंतर एकवचन, म्हणून ‘आला’.

‘जरी पाऊस होता पण सामना झाला.’ अशुद्ध. ‘जरी’ची जोडी ‘तरी’शी. ‘पण’ ठेवायचा असेल तर ‘जरी’ काढा. ‘कारण... म्हणून’ हेही एकाच कारणासाठी एका वाक्यात दोनदा वापरलेले असते, तेही पाहत चला.

‘माझे वडील शेतकरी आहे.’ अशुद्ध, ‘आहेत’ हवे. आदरार्थी अनेकवचन वाक्याच्या शेवटपर्यंत न्यावे लागते. ‘माझे’ अनेकवचनात आणि ‘आहे’ एकवचनात, अशी अर्धवट आदराची वाक्ये प्रश्न काढणाऱ्यांच्या आवडीची आहेत.

‘तू आणि मी उद्या मुंबईला जाल.’ अशुद्ध. कर्त्यांत ‘मी’ असला की क्रियापद प्रथम पुरुषी अनेकवचनी : ‘जाऊ’. ‘मी’ नसेल आणि ‘तू’ असेल तर द्वितीय पुरुषी : ‘तू आणि तुझा भाऊ उद्या या.’

‘पिशवीत दोन वह्या आणि एक पुस्तक होते.’ शुद्ध. निर्जीव वस्तूंची यादी असेल तर क्रियापद शेवटच्या नामाचे ऐकते. क्रम उलटा केला तर ‘एक पुस्तक आणि दोन वह्या होत्या’.

‘शुद्ध गाईचे तूप’ यात काय बिघडले? दुकानांच्या पाट्यांवर तर हेच असते. (एक वाचक, रत्नागिरी)

विशेषण चुकीच्या नामाजवळ बसले आहे. शुद्ध तूप असते, गाय नव्हे. ‘गाईचे शुद्ध तूप’, ‘उसाचा ताजा रस’. द्विरुक्तीची वाक्येही याच गटात येतात : परत पुन्हा, गाईचे गोमूत्र, पिवळा पितांबर, शेवटचा अंतिम. एक जोडी मात्र सहज नजरेतून सुटते : ‘सुमारे पन्नासेक माणसे’. ‘पन्नासेक’मधल्या ‘एक’नेच अंदाज सांगितला, ‘सुमारे’ची गरज नाही. ‘सुमारे पन्नास’ किंवा ‘पन्नासेक’.

उत्तरतालिकेत दिलेले उत्तर चुकले आहे अशी खात्री असेल तर काय करावे? (एक वाचक, ठाणे)

प्राथमिक उत्तरतालिका निघाली की आक्षेपाची मुदत थोड्या दिवसांचीच असते, तेव्हा प्रतिसादपत्रिका, म्हणजे तुम्ही दिलेल्या उत्तरांची प्रत, लगेच उतरवून घ्या. आक्षेपात प्रश्नाचा क्रमांक आणि तुम्ही मानता तो पर्याय लिहा. मग एका वाक्यात नियम सांगा. ‘मला असे वाटते’ हे शब्द नकोत. ‘विसरणे हे क्रियापद भूतकाळी कर्त्यानुसार चालते, म्हणून पर्याय ३’ एवढे पुरे. पुराव्याला मान्यताप्राप्त व्याकरणग्रंथाचे किंवा शासनमान्य लेखननियमांचे पान जोडा, मुखपृष्ठासह, आणि नेमकी ओळ खुणेने दाखवा. क्लासची टिपणे किंवा गाइडचे पान पुरावा म्हणून लंगडे पडते, कारण समोरच्याकडेही दुसरे गाइड असतेच.

बऱ्याच परीक्षांत आक्षेपाला दर प्रश्नामागे शुल्क लागते आणि बऱ्याच वेळा ते परत मिळत नाही. म्हणून आक्षेप घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. प्रश्नात ‘अशुद्ध’ विचारले होते का? आणि उरलेल्या तीन पर्यायांत आणखी एखादे शुद्ध वाक्य आहे का? दोन शुद्ध वाक्ये निघत असतील तर उत्तर बदलण्यापेक्षा प्रश्न रद्द करण्याची मागणी जास्त टिकते, तेव्हा आक्षेप तसाच लिहावा.